नळीतला दुसरा श्वास

देऊळघाटच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत काहीतरी आहे, असं गावात म्हणायचे. त्याच विहिरीत मी पोहायला शिकलो, गाळ काढायला कैकदा उतरलो — बेडूक आणि पाणसाप सोडून काही भेटलं नाही. तेव्हा मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा एकुलता एक वसंता कॉलेजच्या अभ्यासासाठी मालवणजवळ एका मच्छीमाराकडे खोली घेऊन राहत होता. डोळ्यांवर रबरी पट्ट्याची काच, तोंडात वाकडी नळी — किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचा, खडकांवरचं शेवाळ गोळा करायचा. पाणी छातीइतकं. एका सकाळी तिथेच बुडाला. का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तार मिळून आम्ही पोचेपर्यंत तीन दिवस गेले... मित्रांनी अग्नी दिला होता. त्याच्या मायला त्याचं तोंडही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ट्रंकेतून ती काच आणि नळी काढली. पोरानं शेवटी काय पाहिलं, ते मला पाहायचं होतं.

"काका, भरती येवच्या आधी भायर येवा," घरमालक म्हणाला.

मी पालथा तरंगलो. खाली वाळू, हिरवं शेवाळ, बोटाएवढे मासे. नळीत आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो. एक लाट आली म्हणून मी श्वास रोखला — आणि आवाज चालूच राहिला! अगदी कानाशी. दोन श्वास सरळ, तिसरा मधेच अडखळलेला. लहानपणी डांग्या खोकला झाला, तेव्हापासून वसंता झोपेत असाच श्वास घ्यायचा. मी पुन्हा रोखून पाहिला. पुन्हा तेच...

बाहेर येऊन रडत बायकोला सांगितलं. विहिरीच्या काठाशीही न जाणारी ती बाई, लुगडं खोचून उठली.

"द्या इकडं. मले ऐकू द्या."

मी तिला कमरेला धरलं. तिनं तोंड पाण्यात घातलं, ठसका लागून वर आली, पुन्हा घातलं. किती वेळा, मोजलं नाही. ओठ निळे पडले.

"काहीच नाही हो... नुसतं पाणी. मले काऊन नाही? मी त्याची माय आहो ना!"

"मले भास झाला असंल," मी म्हणालो.

"खोटं नोका बोलू."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्याले तरास होऊन राह्यला होता का?"

"नाही वं. निजल्यावानी वाटत होता."

तिनं मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तार आल्यापासून पहिल्यांदा तिचा डोळा लागला.

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो श्वास कोणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण मिळायचाच होता, तर तिला मिळायला हवा होता... मला का मिळाला, हे तर मुळीच कळलेलं नाही.