इंजिनखोलीतला चमचा

पाणबुडीच्या दारात आमच्या आईने पहिला प्रश्न विचारला, "आत संडास हाय का?" दोन दिवस रेल्वेत काढलेलं माणूस आणखी काय विचारणार?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं कोल्हापूरहून विशाखापट्टणमला गेलो होतो. आई, आप्पा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. तिथे समुद्रकिनाऱ्यावर नौदलाची एक जुनी पाणबुडी आणून ठेवलीय आणि तिचंच संग्रहालय केलंय. मुलीला पाणबुडी बघायची होती. मला आप्पांना घराबाहेर काढायचं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिवाजी पेठेत त्यांचं ऑईल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. उसाला नदीचं पाणी उपसणारी इंजिनं पार कुरुंदवाडकडून ट्रॉलीत घालून यायची. आप्पा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. चाळीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर त्यांचेच कान गेले. मी कानाचं यंत्र आणलं. ते त्यांनी एक दिवससुद्धा लावलं नाही. "ज्याला ऐकू येत न्हाय त्यो कसला फिटर," एवढंच म्हणाले. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तरीही.

पुढे ते बोलायचेच कमी झाले. नात शाळेतून आली की आधी त्यांना सगळं सांगायची. त्यांची उत्तरं भलतीच यायला लागली तशी तीही थांबली. या गोष्टीचा मला फार राग यायचा. मी मुळात तापट, त्यात रोज ओरडून बोलायचं, त्यामुळे आमच्या घरात सदा भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटायचं. आप्पा आमच्यात बसूनही आमच्यात नव्हते, आणि ते असेच हातचे जाणार या भीतीने मी जास्तच ओरडायची.

पाणबुडी मी आधी बाहेरून पाहिली. काळंकभिन्न लांबलचक पोलाद. एवढं धूड पाण्याखाली जातं हे एक वेळ पटेल, पण माणसांना पोटात घेऊन ते परत वर येतं हे काही केल्या पटेना.

आत तर सगळी अडचणच. दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, तारा, काटे. हात टेकायला मोकळी जागा नाही. झोपायच्या फळ्या एकावर एक, कूस बदलली तर वरच्या फळीला खांदा लागेल अशा. एका खोलीतून दुसरीत जायला गोल भोक, आधी पाय घालायचा, मग डोकं. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ हिंदीत माहिती सांगत होते. पाण्याखाली गेलं की इंजिनं बंद, बॅटरीवर चालायचं आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. एक जण कानाला यंत्र लावून समुद्र ऐकत बसायचा. शत्रूचा माणूसही तसाच ऐकत असायचा, म्हणून इथे साधा चमचासुद्धा खाली पडू द्यायचा नाही. एवढ्या माणसांचा जीव एका माणसाच्या कानांवर.

मी हे सगळं आप्पांच्या कानाशी ओरडून सांगितलं. पुढची माणसं वळून बघायला लागली. आप्पा म्हणाले, "चमचा बी न्हाय?"

मुलगी आणि आई मागे रेंगाळल्या होत्या. आम्ही दोघं इंजिनखोलीत पोहोचलो आणि आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. एकाशेजारी एक, दोन्हीकडे जेमतेम वाट सोडून, अवाढव्य इंजिनं. अंबाबाईसमोरही आप्पा इतके नम्र दिसत नाहीत. त्यांच्या खांद्यावर आईची दशम्यांची पिशवी होती. त्यांनी तिच्यातून चटणीचा लांब दांड्याचा चमचा काढला, एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानामागे, आणि डोळे मिटले.

"आप्पा, बंद हाय ते! कवाच बंद झालंय," मी ओरडले. ते हलले नाहीत. माहिती सांगणारे गृहस्थ आमच्याकडे यायला लागले तसं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी माफी मागायला लागले. त्यांनी हातानेच मला थांबवलं. काय ऐकू येतंय, असं आप्पांना खुणेने विचारलं.

"माणसं चालत्यात," आप्पा म्हणाले. "मागच्या खोलीत एक पोरगं उड्या मारतंय. दोन पाय जोडून."

मी ते हिंदीत सांगते आहे तोवर गोल दारातून माझी मुलगी आत आली, दोन्ही पाय जोडून उडी मारत. मागून आई तिला रागावत होती.

त्या गृहस्थांनी मान वळवली आणि पांढरे केस बाजूला सारले. कानामागे छोटं यंत्र होतं. त्यांनी इंजिनावर थाप मारली, मग स्वतःच्या छातीवर. "मैं भी इंजनवाला ही हूँ," ते म्हणाले. आप्पांना शब्द ऐकू गेले नसावेत, पण त्या कानाकडे ते बराच वेळ बघत राहिले, दुसऱ्या फिटरने केलेलं काम बघावं तसे. मग त्यांनी चमचा रुमालाने पुसला आणि पुढे केला. "लावून बघा, पावणं."

मागे माणसं खोळंबली होती, आणि पुढे ते दोघे बंद इंजिनावर वाकून आळीपाळीने ऐकत होते.

बाहेर आल्यावर आप्पा वाळूकडेच्या कट्ट्यावर बसले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"आण ते."

"काय?"

"कानातलं. तुझ्या पर्समधी हाय, ठावं हाय मला."

मी यंत्र बसवलं. आप्पांनी समुद्राकडे पाहिलं, मग नातीकडे. ती आधी बिचकत, मग भडाभडा सांगायला लागली. आप्पा बरोबर जागी "व्हय?" म्हणत होते, बरोबर जागी हसत होते. मी चहावाल्याकडे गेले आणि तिथूनच नेहमीसारखी ओरडले, "आप्पा, चहा घेणार का?"

आप्पांनी दचकून कानावर हात ठेवला.

"हळू बोल की. बहिरा हाय व्हय मी?"

मी जवळ गेले. आप्पांशी हळू कसं बोलायचं, ते मला पटकन आठवेना.