दोन खुणांची डिस्क

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. पेनड्राइव्ह लावला की आमचं लिनक्स तो ओळखायचं, उघडायचं आणि त्या दिवशीची डिझाइनं आपोआप त्यावर उतरवायचं. मग तो ड्राइव्ह मागावर जायचा. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हीच आमच्याकडची पद्धत.

ड्राइव्ह कुठल्या पद्धतीने मांडलाय, म्हणजे फॉरमॅट केलाय, याची खूण त्याच्या सुरुवातीलाच असते. कधी जुनी खूण पुसली जात नाही आणि नवी तिच्याशेजारी येऊन बसते. अशा वेळी लिनक्स अडून बसायचं, दोन खुणा दिसतात, खरी कुठली ते सांगा म्हणून. मग पाळीवरचे कामगार माझ्या नावाने शंख करायचे. मी वैतागून नियमच लिहून टाकला: घोळ वाटला तर विंडोजचा समज आणि उघड. मोठा शहाणा लागून गेलो होतो.

आमचे डिझाइनर काका साठीला आलेले, घरी तेलुगू बोलणारे. नजर मंदावली म्हणून मालकाने त्यांना महिनाअखेरीस घरी बसायला सांगितलं होतं. दुसऱ्या एका कारखान्याने नोकरी द्यायच्या आधी त्यांना जुनं काम दाखवायला बोलावलं होतं. तीस वर्षांच्या बॉर्डरी, वेली, मोर एकाच डिस्कवर होते. विंडोजची ती डिस्क लिनक्ससाठी नव्याने मांडून, त्यांचं सगळं काम तिच्यावर उतरवून मीच त्यांना दिली होती.

जायच्या आदल्या दिवशी ते डिस्क घेऊन आले. म्हणाले, "आधी हे ओळखतंय का बघ की."

"लावा की काका. सगळं ओळखतंय ते."

मी चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. काकांनी डिस्क लावली. माझ्या नियमाप्रमाणे मशीनने विंडोजची जुनी खूण खरी मानली, डिस्क रिकामी समजली आणि त्या दिवशीची डिझाइनं काकांच्या कामावर लिहून टाकली. आठवडाभर खटपट केली, पण धड एक मोर निघाला नाही.

मालकाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "डिस्क जुनी होती, गेली." काका शेजारीच उभे होते.

"व्हय, माझ्यागतच म्हातारी झालती," ते म्हणाले.

माझी नोकरी राहिली. त्या खोटेपणाची लाज मला आजही वाटते. नियम मी त्याच रात्री गुपचूप काढून टाकला.

परवा त्या दुसऱ्या कारखान्यात काही कामानिमित्त गेलो, तर काका पॅकिंगमध्ये टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"आता विचारतंय का रे तुझं मशीन?"

"विचारतंय, काका."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुढचा टॉवेल उचलला. "तवा तू तरी विचारायचं होतंस की."