पाहुण्याच्या झाडाची वाट

लॉरेटा हाउताला शाळेची बस चालवायची तेव्हा मुलं तिला फारशी घाबरत नसत, पण तिचं ऐकत. ती कधी आवाज चढवायची नाही. मागे दंगा सुरू झाला की बस रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि आरशात बघत बसून राहायची. बाहेर पाऊस असो, धुकं असो, शाळेची घंटा होऊन गेलेली असो. मुलं आपणहून गप्प झाली की मग किल्ली फिरवायची. क्लॅमथ नदीच्या काठच्या दोन पिढ्या तिने अशा नेल्या-आणल्या. हट्टात लॉरेटाशी कोणी जिंकत नाही, असं गावात म्हणत. म्हणण्यात तक्रार थोडी आणि कौतुक जास्त असे.

नवरा आर्वो लाकूडतोड्या होता. फिनलंडहून आलेल्या आजोबांपासून त्या घरात करवतच चालत आलेली. आर्वो आणि त्याचा धाकटा भाऊ रेइनो जोडीने काम करत. रेडवुडचं झाड कितीही अवाढव्य असलं तरी लाकूड ठिसूळ. दगडावर आपटलं तर बरणीसारखं फुटतं. म्हणून मोठं झाड पाडण्याआधी ते जिथे पडणार तिथे माती ओढून, फांद्या पसरून गादी घालावी लागते. ओढ्याच्या वरच्या सपाटीवर एका झाडासाठी दोघा भावांनी अशी गादी घातली. ते झाड इतकं जुनं होतं, की जगातले कितीतरी देव त्याच्यापेक्षा लहान असतील. गादी तयार झाली, आणि करवत लावायच्या आदल्या दिवशी काम थांबवायचा हुकूम आला. ती जमीन सरकारने राखीव जंगलात घेतली होती.

काम गेलं. आर्वो काही वर्षं जंगलखात्याच्या नावाने बोटं मोडत राहिला. मग एका रविवारी, काय मनात आलं कोण जाणे, तो एकटाच वर जाऊन ते झाड बघून आला. घरी येऊन लॉरेटाला म्हणाला, "ज्याच्यासाठी गादी घातली तो पाहुणा झोपलाच नाही. अजून उभाच आहे." तेव्हापासून त्या झाडाचं नाव पाहुणा पडलं. पडलेल्या खोडाची एक जाड फळी घेऊन आर्वोने झाडासमोर बाक केला. राखीव जंगलात असं काही करायला बंदी होती, पण त्या वेळचा रखवालदार लॉरेटाच्या बसमधून शाळेला गेलेला होता. त्याला तो बाक कधी दिसला नाही.

आर्वो गेल्यावर दर सप्टेंबरला, त्याच्या जाण्याच्या दिवशी, घरची माणसं आणि जुने सोबती पाहुण्याला भेटायला जात. थर्मासमधून कॉफी आणि रेइनोच्या बायकोने केलेला वेलदोड्याचा गोड पाव. कोणी भाषण करत नसे. कॉफी पीत, वर बघत, मान दुखली की खाली बघत, आणि घरी येत. लॉरेटा मात्र अधूनमधून एकटीही जायची. बाकावर बसून घरातल्या बारीकसारीक गोष्टी आर्वोला सांगायची. नळ गळतोय, मांजर म्हातारं झालंय. कबरस्तानात तिला असं बोलता यायचं नाही. पाहुण्यासमोर यायचं.

मग एका वर्षी ती तिथे पोचली तर बाकावर अनोळखी जोडपं बसलेलं. पुढच्या वेळी पाचसहा जण. कोणीतरी फोनवर फोटो टाकला होता आणि तिथे कसं पोचायचं तेही लिहिलं होतं. उन्हाळा संपेपर्यंत झाडाभोवतीचे नेचे आडवे झाले. आंबुशीची हिरवी सतरंजी जाऊन टणक, उघडी जमीन दिसू लागली. एका बाजूची साल हाताच्या उंचीपर्यंत सोलली गेली. एवढ्या थोर झाडाची मुळं खोल जात नाहीत. वरच्या वर, लांबवर पसरतात. माती तुडवून घट्ट झाली की त्यांना पाणी आणि हवा मिळेनाशी होते. हे लॉरेटाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

ती हटून बसली. फळीवर 'आत जाऊ नका' असं रंगवून ती लावली. ती फळी कोणीतरी फोटोसाठी हातात धरली. तिने वाटेवर ओंडका टाकला. लोकांनी त्यावर बसून डबे खाल्ले. शेवटी ती पिकअप घेऊन जंगलखात्याच्या कचेरीत गेली आणि परक्या लोकांना आवर घाला म्हणून सांगून आली.

कचेरीतून जोलीन आली. जोलीन युरोक, म्हणजे या नदीकाठच्या मूळ आदिवासी जमातीतली, नदीमुखाजवळ वाढलेली, आणि तीही कधीकाळी लॉरेटाच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसणारी. पण बाक दिसला नाही असं म्हणणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिने पाहुण्याभोवती फेरी मारली, माती बोटांनी दाबून बघितली, आणि लॉरेटाला परत खाली रस्त्यापर्यंत घेऊन आली.

"मिसेस हाउताला, समजा तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात," ती म्हणाली. "कुठून आत शिराल?"

लॉरेटाने बघितलं. रस्त्याकडेला हकलबेरीची झुडपं गच्च वाढलेली. फक्त एका ठिकाणी, जिथे ती स्वतःची पिकअप लावायची तिथे, त्यांच्यात दाराएवढी फट होती. फटीच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या कात्रीने नीट कापलेल्या. आत स्वच्छ, रुंद वाट.

"ही कोण कापतं?" जोलीनने विचारलं. तिला उत्तर माहीत असावं.

कापत होती लॉरेटाच. रेइनोचा गुडघा गेल्यापासून दर वसंतात ती कात्री आणि खराटा घेऊन यायची. नेचे छाटायची, पाचोळा झाडून काढायची, घसरायच्या जागी पायऱ्या खणायची. पाहुण्याकडे जायची वाट दिवाणखान्यासारखी ठेवायची हे तिला आर्वोसाठी करायचं काम वाटायचं. परक्या माणसाने कापलेली वाट पाहिली, वर बाक पाहिला, म्हणजे त्याला हे सगळं आपल्यासाठीच आहे असं वाटणार. फोटो कोणी टाकला ते नंतरचं. दार तिनेच उघडून ठेवलं होतं.

लॉरेटा वळली. पिकअपमध्ये जाऊन बसली. किल्ली फिरवली नाही. जोलीन बाहेर उभी राहिली. लहानपणापासून तिला हा प्रकार माहीत होता. बऱ्याच वेळाने लॉरेटाने काच खाली केली.

"बुजवायची असेल तर कशी बुजवतात?" तिने विचारलं.

जोलीनने सांगितलं. लाकडी पूल करून लोकांना वरून चालवता येतं, पण ते मंजूर व्हायला वर्षं जातील आणि तोवर झाड थांबणार नाही. दुसरा उपाय म्हणजे वाट नाहीशी करायची. माती सैल करायची, पाचोळा परत पसरायचा, नेचे लावायचे, बाक काढायचा. आणि मग कोणीही जायचं नाही. शेवटचं वाक्य जोलीनने हळू म्हटलं.

अवघड होतं ते रेइनोला सांगणं. तो घरामागच्या वाफेच्या खोलीबाहेर टॉवेल गुंडाळून बसला होता, अंगातून वाफा निघत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लालबुंद झाला, की आधीच होता, ते सांगता येत नाही.

"बाक आर्वोने केलाय," तो म्हणाला. "तू त्याची बायको असशील. पण भाऊ माझा होता."

"म्हणूनच विचारायला आलेय. नाहीतर नुसती सांगायला आले असते."

"हयातभर आम्ही झाडं पाडली, तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. तुझं घर त्याच झाडांवर उभं आहे. आता एका झाडाचा पुळका आलाय."

"हो. एकाचाच. बाकीची तुम्ही ठेवलीत कुठे?"

रेइनोला हसू आलं, ते त्याने टॉवेलने पुसलं. मग त्याने मधला मार्ग काढला. वाट लोकांसाठी बंद करू दे, आपण दोघं ओढ्याच्या बाजूने जाऊ, वर्षातून एकदा. कोणाला कळणार आहे?

"रेइनो, तिथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," लॉरेटा म्हणाली. "बंदी दुसऱ्यांसाठी, मी काय एकदाच जाणार. आर्वोशी बोलायला मी कुठेही बोलेन. भांडी घासताना बोलेन. पाहुण्याला मात्र दुसरीकडे उभं राहता येत नाही."

रेइनो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

काम सुरू झालं त्या सकाळी दाट धुकं होतं. जोलीन, खात्याची दोन माणसं आणि लॉरेटा. रेइनो बोलावल्याशिवाय आला, पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि तिथूनच चुका काढू लागला. फांद्या वाटेवर आडव्या टाकलेल्या बघून तो म्हणाला की हे कुंपण झालं. कुंपण दिसलं की माणसाला पलीकडे काय आहे ते बघावंसं वाटतं.

"तुमच्या लोकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी अडवलं असतं तर ही वेळच आली नसती," त्याने जोलीनला टोमणा मारला.

"आमच्या लोकांनी अडवलं होतं की," जोलीन फावडं न थांबवता म्हणाली. "तुमच्या आजोबांना फिनिशखेरीज काही समजायचं नाही."

रेइनो मोठ्याने हसला आणि काठी टेकत खाली उतरला. फांद्या कशा ठेवायच्या, तो सांगू लागला. मोठी खाली, बारीक वर, टोकं उताराकडे, मधे माती. लॉरेटाच्या लक्षात आलं, तो गादी घालत होता. अगदी तशीच, जशी कधीकाळी त्या दोघा भावांनी याच झाडासाठी घातली होती. फक्त या वेळी तिच्यावर कोणी पडायचं नव्हतं. तिच्यातून नेचे उगवायचे होते. तिने ते बोलून दाखवलं नाही. आपले ओले झालेले डोळे तिने पाहिले, हे रेइनोला कळलं असतं तर त्याने काम टाकलं असतं.

शेवटी बाक काढला. जोलीन आणि खात्याच्या दोघा माणसांनी उचलून खाली आणला आणि रेइनोच्या पिकअपमध्ये चढवला. तो आता त्याच्या वाफेच्या खोलीबाहेर आहे. लॉरेटा वर एकटी थोडी मागे थांबली होती. पाहुण्याच्या सालीला हात लावायचा तिला मोह झाला. हात खिशात घालून ती खाली आली.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा सार्वजनिक राईत जाऊ लागली, जिथे फळ्यांची वाट केलेली आहे. खात्याचं हिरवं जाकीट घालून ती लोकांना सांगते, फळ्यांवरून खाली उतरू नका. उतरलं कोणी तर ती बोलत नाही. समोर उभी राहून बघत राहते, तो परत फळीवर येईपर्यंत. कोणी विचारलंच, की त्या फोटोतलं मोठं झाड कुठे आहे, तर म्हणते, इथलं प्रत्येक झाड मोठंच आहे, मान वर करून बघा.

पुढच्या सप्टेंबरात, आर्वोच्या दिवशी, ती रेइनोला घेऊन त्या रस्त्याने निघाली. त्याच्या मांडीवर गोड पाव होता, पायाशी थर्मास. वळण जवळ आलं.

"जरा हळू घे," रेइनो म्हणाला. "थांबू नकोस. नुसतं हळू."

त्या रस्त्यावर एल्क हरणं चरतात. एक गाडी जरी हळू झाली तरी मागच्यांना वाटतं पुढे काहीतरी बघण्यासारखं आहे, आणि बघता बघता रांग लागते. लॉरेटाने तिथून हजारो वेळा बस नेली होती. तिने आरशात पाहिलं. मागे तीन गाड्या होत्या.

"नाही," ती म्हणाली.

तिने पाय होता तिथेच ठेवला. खिडकीबाहेरून हिरवी भिंत सरकत गेली. रेइनो मान वळवून बघत राहिला. वळण संपल्यावर तो म्हणाला, "फट दिसली नाही मला. तुला दिसली?"

"पुढे बघ. कॉफी सांडेल," लॉरेटा म्हणाली, आणि गाडी नदीच्या मुखाकडे घेतली.