पुढच्या चाकाचा हब

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दुकानात रोज चहाला येणाऱ्या दोस्तांजवळ नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अंबाजोगाईत माझं सायकलचं दुकान आहे. गिअरच्या, जाड टायरच्या डोंगरी सायकली इकडं यायला लागल्या, तेव्हा बाकीचे मिस्त्री त्यांना हात लावायला बिचकत. मी लावला. त्यातही हबचं काम माझंच. चाकाच्या मधोमध हब असतो, त्यात छर्रे फिरतात. ते काढायचे, रॉकेलनं धुवायचे, झिजले असतील तर बदलायचे, ग्रीस भरायचं आणि बाजूचा कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारा नट, असा आवळायचा की चाक डुगडुगूही नये, अडकूही नये. तो अंदाज माझ्या बोटांत आहे असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं — फार आवडायचं. सगळं तिथूनच सुरू झालं का? असेल.

अश्विनी कॉलेजात होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही वसतिगृहात. खेळाच्या सरांनी तिला कॉलेजची डोंगरी सायकल दिली होती, आणि पोरगी अशी चालवायची की बघत राहावं. राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. आदल्या दिवशी सकाळी सायकल घेऊन आली.

"काका, पुढचं चाक लई डुगडुगायलंय. आवाज बी करायलंय. उद्या डोंगर उतरायचाय मला."

मी चाक फिरवलं. हाताला खरखर लागली. आतलं ग्रीस वाळलेलं, छर्रे गेलेले — न खोलता कळत होतं. आणि त्या मापाचे छर्रे माझ्याकडं नव्हते. लातूरहून आणावे लागले असते.

एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, माल नाही, उद्या ही सायकल नेऊ नको. म्हणालो का? नाही. हबचं काम माझ्याकडून होत नाही, हे वाक्य मला तोंडातून काढायचं नव्हतं. मी बाहेरूनच तेल सोडलं. कोन गच्च आवळला. डुगडुग थांबली, आवाज दबला. दुपारी ती आली तेव्हा म्हणालो, "सगळे छर्रे बदललेत. बिनघोर जा."

तिनं चाक फिरवून पाहिलंही नाही. माझं काम होतं ना ते.

दुसऱ्या दिवशी उतारावर पुढचं चाक जागीच अडकलं आणि ती हँडलवरून पुढं फेकली गेली. उजवा कोपर मोडला.

सर संध्याकाळी मोडकी सायकल टेम्पोतून दुकानात टाकून गेले. मी एकट्यानंच हब खोलला. दोन छर्रे फुटून कोनात रुतले होते. आत गंजाचा भुगा. मी काय केलं असेल? तो हब काढून भंगारात टाकला आणि लातूरहून दुसरा आणून बसवला. सर आले तेव्हा म्हणालो, "हबला काही झालं न्हाई सर. पोरीनं पुढचा ब्रेक दाबला असंल."

पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस असंच उडतं. म्हणून सरांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. निवड तर गेलीच होती. घाबरट आहे म्हणून सरांनी सायकल दुसऱ्या मुलीला दिली.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही. ते पुढं आहे.

महिन्याभरानं ती दुकानात आली, हात प्लास्टरमध्ये. दारातल्या बाकावर टेकली. मग म्हणाली, "काका, म्या ब्रेकला हात लावलाच नव्हता, असं वाटायलंय मला. पण समदे म्हणतेत लावला. तुमी चाक खोलून बघितलंय. तुमीच सांगा."

ती भांडायला आली नव्हती. विचारायला आली होती. खरं माहीत असलेला माणूस एकच होता, आणि ती बरोबर त्याच्याकडं आली होती.

मी हातातली चेन पुसत म्हणालो, "घाबरल्यावर कळत न्हाई बाई, हात कुठं जातो ते."

ती प्लास्टरबाहेर आलेली बोटं उघडून बघत राहिली. मग "हां" म्हणाली आणि गेली.

तिनं सायकल सोडली. नांदूरघाटकडं तिचं लग्न झालं. मधे काही वर्षं गेली. मी हबची कामं करत होतो, लोक नाव घेत होते. झोप लागत होती. हेही सांगायला हवं — झोप लागत होती.

गेल्या वर्षी बसस्टँडवर भेटली. काखेत लहान लेक, खांद्याला पिशवी. कोपर अजून सरळ होत नाही. हसून बोलली, दुकान कसं चाललंय विचारलं. नवरा स्कूटी शिक म्हणतो, पण आपण नाही बसत, म्हणाली. तेवढ्यात गाडी लागली. पायऱ्यांपाशी ती थांबली आणि लेक माझ्याकडं दिली.

"धरा काका जरा. चढताना माझ्या हातांचा भरवसा न्हाई मला. ऐन वक्ताला काय करतेल काय की."

मी लेकराला धरलं. ती वर चढली, सीटवर बसली, खिडकीतून हात पुढं केले. मी लेकरू तिच्या हातात दिलं. अडकलेलं चाक, फुटलेले छर्रे — सगळं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. गाडी त्याहून जास्त वेळ उभी होती.

मी बोललो नाही.