अटी, शर्ती आणि आमचे मामा

फोनवर 'अटी व शर्ती मान्य आहेत' असं येतं, तिथं न वाचता बोट दाबलं नाही असा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो तासगावात राहतो. तो आमच्या आत्याचा नवरा. आमच्याकडं त्यांना मामाच म्हणतात. मामांनी चाळीस वर्षं तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे दस्त लिहिले. एक नियम कधी मोडला नाही. दस्त लिहून झाला की ज्याचा अंगठा, त्याला सगळा मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो 'समजलं' म्हणाला की मगच शाईचा डबा उघडायचा. एकदा खरेदीवाल्याला फार घाई होती, तरी मामांनी रेटून वाचलं. मधेच अंगठा द्यायला आलेली म्हातारी ओरडली, "आरं, ह्यात माजी इहीर कुठनं आली? मी फकस्त रान इकलंय!" तेव्हापासून मामांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

पण कचेरी सुटली तरी नियम सुटेना. मामा यष्टीचं तिकीट मागून-पुढून वाचतात. लग्नपत्रिका वाचतात ती छापखान्याच्या नावापर्यंत. मिरजेला हर्नियाच्या ऑपरेशनला गेले, तिथं नर्सबाईंनी संमतीचा कागद पुढं केला. मामांनी तो सवयीनं खणखणीत आवाजात वाचला. 'रुग्ण दगावल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत' इथपर्यंत आले आणि शेजारच्या खाटांवरचे दोन पेशंट पिशव्या घेऊन घरी गेले. डॉक्टर हात जोडून म्हणाले, "काका, मनात वाचा की!" मामा म्हणाले, "मनात वाचल्यालं कायद्यात बसत न्हाई."

तर अशा माणसाला अश्विनीताईनं स्मार्टफोन पाठवला. अश्विनीताई म्हणजे त्यांची एकुलती लेक, जर्मनीत नर्स आहे. तिला मुलगी झाली आणि नातीला बघायला तिनं व्हिडिओ कॉलचं ॲप घालून दिलं. ॲप उघडलं की आधी अटी. त्याही इंग्रजीत. संपता संपेनात. मामांनी फोन पालथा ठेवला. "मराठीत आणा, वाचतो, मग दाबतो."

आत्या माझ्या फोनवर नात बघायची. मामांना म्हटलं, तुम्हीही बघा. तर तोंड फिरवून भिंतीकडं. "दुसऱ्याच्या अंगठ्यावर मी नात बघू? त्यो बोगस व्यवहार झाला." फोन मात्र रोज सकाळी चार्जिंगला लावायचे.

शेवटी आत्यानं मला बसवलं. "तू शिकल्याला हायस, दाव वाचून." मला कुठलं तेवढं इंग्रजी? मी नकलांवर भागवलं. पहिलं कलम कंडक्टरच्या आवाजात, दुसरं ग्रामसेवकाच्या. सातव्याला ठोकून दिलं, "सदर ग्राहकाने जावयाशी गोड बोलावे."

मामा बेदाणे चघळायचे थांबले. "इंग्रजीत किती वळी हायत?"

"पाच."

"तू अर्धी वाचलीस. उरल्याल्या साडेचार कुणाच्या बापाच्या?"

मग मामांनी कंपनीला अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, परदेशच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टानं. 'कारणे विनंती अर्ज, आपले अटीपत्र आमचे भाषेत मिळावे.' पोस्टमास्तर हसले. आम्ही सगळेच हसलो. आत्या तेवढी हसली नाही.

आणि काही महिन्यांनी ॲप अपडेट झालं. भाषांच्या यादीत मराठी! सगळ्या अटी मराठीत! आता हे अर्जामुळं झालं नव्हतं, एवढं मलाही कळतं. पण मामा म्हणाले, "विनंती मान्य झाली बग," तेव्हा मी म्हटलं, "व्हय की मामा, लय वजन हाय तुमचं." हे खोटं बोलल्याचं मला आजही काही वाटत नाही.

दोन दिवस ओट्यावर वाचन चाललं. आत्या, मी आणि शेजारचा एक सुभेदार, जो 'पाणी घेऊन येतो' म्हणून गेला तो आलाच नाही. मामा खूश होते. "मराठी जरा सरकारी हाय, पर कळतंय." शेवटच्या पानावर मात्र घात झाला. 'कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते.'

"आँ? अंगठा घेतल्यावर खाडाखोड? आमच्यात कुणी असं केलं असतं तर परवाना गेला असता! न्हाई दाबत."

आत्या उठली. एरवी ती मामांपुढं आवाज चढवत नाही. "आवं, वाचलंसा न्हवं? समजलं न्हवं? पोर रांगाय लागंल आता. तुमी कलम धरून बसा, मी दाबते. माजा बी अंगठा हाय."

मामांनी वही काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'शेवटचे कलमास हरकत राखून मान्य.' खाली सही केली, आत्याला वाचून दाखवली, धोतराला अंगठा पुसला आणि दाबला.

कॉल लागला. समोर अश्विनीताई. तिच्या मांडीवर टकलं, गोबरं, मुठी चोखणारं पोर. पोरगी खुदकन हसली, तशी खालच्या हिरडीत पांढरं टोक चमकलं.

"दात?" मामांनी विचारलं. "कवा आला?"

"गेल्या आठवड्यात, बाबा."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोन अगदी नाकाजवळ नेऊन हळूच म्हणाले, "बरं. दुसरा यायच्या आदी मला कळीव, बाय."