कच्च्या काकू आणि आमचा बंड्या

कच्च्या काकू माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या कुत्र्याचा ओठ वर करून दात बघायच्या. तुम्ही आपले ‘नमस्कार’ म्हणत उभे, आणि ही बाई उकिडवी बसून तुमच्या कुत्र्याच्या जबड्यात बोट फिरवतेय! मग उठायचं, बोट ओढणीला पुसायचं आणि निकाल द्यायचा, "वाट लावलीत तुम्ही याच्या दातांची. वरणभात घालता ना? मग एकादशीही धरायला लावा." नमस्कार राहिला बाजूलाच. मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको.

फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एकट्या म्हणजे दोन कुत्रे आणि तीन मांजरं धरून. या पाचही जणांना शिजवलेला घास वर्ज्य. कोंबडीच्या माना, पाय, कलेजी, पेठा, मांजरांना कच्चे बोंबील, सगळं जसंच्या तसं. रविवारी सकाळी चिकनवाल्याकडून पिशवी भरून आणायची आणि मागच्या दारात पाटावर बसून सुऱ्याने खटाखट तुकडे पाडायचे. येणारी-जाणारी माणसं नाक दाबून पळायची आणि काकू मान वर न करता विचारायच्या, "वाघाच्या घरी कुकर असतो का?" एकदा मी म्हटलं, "वाघाच्या घरी फ्रीजही नसतो, काकू." तर म्हणाल्या, "म्हणून त्याला रोज शिकार करावी लागते. मी रविवारी उरकते." या बाईला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

लाईट गेली की मग विचारूच नका. आमच्याकडे लाईट जाणं काही नवीन नाही, पण काकूंचा फ्रीजर वितळायला लागला की त्या मांसाच्या पिशव्या घेऊन बी विंगमध्ये शिरायच्या, कारण तिथली लाईन वेगळी. "तुमच्या बर्फाच्या कप्प्यात जरा ठेवा, दोन तासांचा प्रश्न आहे." चतुर्थीच्या दिवशी! जोशीबाईंनी दार तोंडावर आपटलं, तर दुसऱ्या दिवशी काकू त्यांनाच ऐकवून आल्या, "तुमच्या बाप्पाचा उंदीर काय साबुदाणा खातो?" सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी जे रामायण झालं ते अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. सेक्रेटरी तेव्हापासून टपूनच बसले होते, एक संधी मिळू दे, ही कटकट बाहेर काढतो म्हणून.

आता आमचा बंड्या. माझ्या वडिलांनी स्टेशनवरून उचलून आणलेलं साधं गावठी पिल्लू. वडील गेले आणि बंड्या आईचा झाला. सकाळी तिच्या पायाशी, दुपारी तिच्या पायाशी. आई जेवायला बसली की पहिला घास त्याचा. मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंत आई दिवसभर त्याच्याशीच बोलत असायची. तो होता म्हणून आई वडिलांच्या मागे उभी राहिली, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याच बंड्याच्या अंगाला खाज सुटली. केस गळायला लागले, पाठीवर चट्टे पडले. औषधं झाली, शाम्पू झाले, काही गुण येईना. आणि एक दिवस मी घरी येते तर काय, कच्च्या काकू आमच्या सोफ्यावर! आई त्यांच्यासमोर शिकवणीला आल्यासारखी बसलेली.

माझी आई आयुष्यात कुणाचं ऐकत नाही. माझं तर नाहीच नाही. पण या बाईने तिला काय घोळात घेतलं देव जाणे, दुसऱ्या दिवसापासून बंड्याच्या ताटलीत कच्चं चिकन. काकूच बांधून द्यायच्या पुड्या. सोबत ताकीद, "वहिनी, शिजवलेलं हाड चुकूनही द्यायचं नाही. कळलं?" आई मान डोलवायची. मी ओरडले, जंतू होतील, घरात वास येतो, उद्या आपण आजारी पडू. आई म्हणाली, "तू आपले हात धू म्हणजे झालं." आणि सगळ्यात संताप कशाचा, तर महिना-दीड महिन्यात बंड्याची खाज गेली. पाठीवर काळेभोर केस आले. काकू जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. ते हसू अजून डोळ्यांसमोर आलं तरी माझं डोकं फिरतं.

मग गटारी आली. आम्ही कोकणातली माणसं, श्रावणाच्या आदल्या दिवशी कोंबडीवडे झालेच पाहिजेत. आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर घरात मांसमच्छी नाही, फ्रीजसुद्धा पुसून स्वच्छ. काकूंनी आधीच ठणकावलं होतं, "श्रावण तुमचा, त्याचा नाही. महिनाभर तो माझ्याकडे जेवेल." तसं ठरलंही. पण आमच्या फ्रीजरमध्ये पंखांच्या तुकड्यांची एक पुडी राहून गेली होती. ती ठेवायची नाही आणि अन्न टाकायचंही नाही, म्हणून आईने संध्याकाळी एका जुन्या टोपात ते तुकडे उकळले. वड्याचं पीठ मळता मळता मला म्हणाली, "मसाल्याचं हाड नको म्हणते ना ती? मी मीठसुद्धा घातलं नाही. एवढं कच्चं एकदम त्याला पचायचं नाही गं." मला तरी कुठे काय कळत होतं! बंड्याने हाडासकट सगळं फस्त केलं आणि टोपही चाटला.

तिसऱ्या दिवशी त्याने पाणी सोडलं. पोट फुगलं, हात लावू देईना. आई त्याला मांडीवर घेऊन रिक्षात बसली. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण उशीर झाला होता. कोंबडीच्या हाडाने आतडं फाटलं होतं. बंड्या टेबलावरच गेला. आई बाहेरच्या बाकावर त्याचा पट्टा हातात घेऊन बसून होती, तो गेला हे तिला मी सांगितलं. मी डॉक्टरांकडून तो हाडाचा तुकडा मागून घेतला, प्लास्टिकच्या डबीत. का, तर त्या बाईच्या तोंडावर मारायला.

तशीच तडक काकूंच्या दारात गेले. तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, तुमच्या शहाणपणापायी आमचं जनावर गेलं, आता माझी आई कुणाच्या तोंडाकडे बघून जगायची? काकूंनी माझ्या हातातली डबी घेतली. डबी उघडली, तुकडा बोटात धरून उजेडात नेला, दाबून बघितला. "हे शिजलेलं आहे," म्हणाल्या. "कच्चं हाड वाकतं, चावलं जातं. शिजलं की त्याची अशी सुई होते. कुणी शिजवलं?"

टोप माझ्या डोळ्यांसमोर आला. माझ्या तोंडून नुसतं "आई..." एवढंच निघालं.

काकू पाटावर बसल्या. मग डबी बंद करून स्वतःजवळ ठेवली आणि नेहमीच्याच खेकसणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "वहिनींना सांगायचं नाही. नवरा गेलाय त्यांचा, आता हे नाही झेपायचं. काकूंच्या कच्च्या मांसाने गेला म्हण. मला तसंही इथं कोण ओवाळतंय? आणि रडू नकोस इथे, कुत्रे बिथरतात."

संध्याकाळी आईने त्यांना गेटपाशी गाठलं. सगळी बिल्डिंग गोळा झाली. "तुम्ही मारलंत माझ्या बंड्याला," आई म्हणाली. एरवी एकाला दहा ऐकवणारी ती बाई मान खाली घालून म्हणाली, "हो वहिनी. माझ्याच खाण्याने गेला." झालं, सेक्रेटरींना हवं ते मिळालं. मीटिंग झाली, ठराव झाला, आवारात कच्चं मांस आणायला बंदी. काकूंनी भांडण केलं नाही. चांदीपला कुणाच्या तरी शेतावरची खोली भाड्याने घेतली आणि पाच जनावरं टेम्पोत घालून निघाल्या. मी खाली गेले होते. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "दुसरं पिल्लू आणा वहिनींना. आणि त्याला बिस्किटं घालून मारू नका." टेम्पोचं दार धाडकन लावलं.

मी सुट्टी असली की अधूनमधून चांदीपला जाते. आईला सांगते, शाळेचं काम आहे. काकू अजून तशाच आहेत, उर्मट, हेकट, हाताला कलेजीचा वास. चहा विचारत नाहीत. मला त्या आवडत नाहीत, पण गेल्याशिवाय राहवत नाही.

आई अजून रोज त्यांना शिव्या घालते. जेवताना पहिला घास हातात घेते, पायाशी बघते आणि थांबते. "त्या बयेला कधी वाटत असेल का गं, आपण एका मुक्या जिवाचा जीव घेतला म्हणून?"

"तिला कसलं वाटतंय," मी म्हणते. "दगड आहे नुसती."

"दगडच मेली," आई म्हणते, आणि मग तिला घास उतरतो.