माणसासकट घर

माझ्या साडूंइतकी परक्यांची घरं आतून पाहिलेला माणूस स्टुटगार्टच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. आठवडाभर मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये डोकं घालून बसणारे हे गृहस्थ शनिवार उजाडला की मला बरोबर घेऊन विकाऊ घरं बघायला निघत. शहरातल्या किमती आवाक्याबाहेर गेल्या म्हणून एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, एकेक स्टेशन पुढे सरकत. आणि किमतीही त्यांच्याच डब्यात बसून मागोमाग येत. भिंतीवर टिचकी मारून कान लावायचा, तळघरात खोल श्वास घ्यायचा हे तर होतंच, पण रिकाम्या घरात शिरण्याआधी बूट काढून ते मोठ्याने विचारत, "येऊ का?" एजंट माझ्या तोंडाकडे बघे. "अहो, घराला नको विचारायला?" साडू मलाच दटावत.

एस-बानच्या शेवटच्या स्टेशनचं गाव, उतारावरचं एक घर. किंमत शेजारच्या घरांच्या मानाने इतकी कमी, की मला आधीच संशय आला होता. साडूंनी दारात विचारलं, "येऊ का?" आणि वरून उत्तर आलं, "या."

मराठीत बोलावलं की जर्मनमध्ये 'हो' म्हटलं, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. वर गेलो. भरदुपारी खिडक्या बंद करून अंधाऱ्या खोलीत एक म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती. एजंट उत्साहात म्हणाला, "या बाई किमतीतच धरलेल्या आहेत. जिवंत असेपर्यंत वरचा मजला यांचा. म्हणून तर स्वस्त!" मग आवाज खाली आणून, "वय बरंच आहे."

साडूंचा चेहरा पडला. पण घर घेतलं, कारण दुसरं परवडण्याजोगं नव्हतंच.

मग त्यांनी त्या आजींना जपायला सुरुवात केली. वरून खोकला ऐकू आला नाही तर मिक्सर बंद, टीव्ही बंद, सगळं घर श्वास रोखून उभं. मेतकूट-भात वर जाई आणि वाटी चाटूनपुसून परत येई. जिना झाडायची आठवड्याची पाळी, जिच्याबद्दल इथले श्वाबी लोक देवाधर्माइतके कडक, ती साडूंकडे असली की आजी मागे येऊन उभ्या राहत. पायरी कधी वाजत नसे. साडू वळत तेव्हा मानेशीच तो फिकट चेहरा, आणि राहिलेल्या कोपऱ्याकडे रोखलेलं बोट. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत साडू पुन्हा केरसुणी उचलत.

एकदा नाशिकहून त्यांच्या आईचा फोन आला. "मी आले तर ठेवशील कुठे?" साडू बोलून गेले, "वरचा मजला मोकळा होऊ दे, मग ये."

त्याच आठवड्यात आजी झोपेतच गेल्या.

"अहो, त्यांनी ऐकलं," साडू मला म्हणाले.

"त्यांना मराठी कुठे येत होतं?"

"घराला येतं ना आता." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. एजंटचा फोन आला, चक्क अभिनंदनाचा: घराचा भाव आता कुठच्या कुठे गेला म्हणून. साडूंनी फोन ठेवून दिला. घर घेतल्यावरही हौसेने चालू ठेवलेले त्यांचे शनिवार थांबले. वरचा मजला कुलपात गेला.

पुढच्या उन्हाळ्यात आई आल्या. त्यांची सोय खालच्याच खोलीत केली होती, आणि आजींबद्दल त्यांना अवाक्षरही सांगितलेलं नव्हतं. नाहीतर त्या विमानात चढल्याच नसत्या. एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आई सहज म्हणाल्या, "वरच्या बाईंना कधी खाली बोलवत नाहीस का रे?"

मेहुणीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कोण बाई?" साडूंनी विचारलं.

"त्याच रे. तू कामाला निघालास की खिडकीशी येतात. गाडी वळेपर्यंत उभ्या असतात."

मला वाटलं, साडू आता आईला खरं काय ते सांगतील. पण त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "रागावलेल्या वाटतात का गं?"

"रागावतील कशाला? तू शाळेत जाताना मी उभी राहायचे तशाच उभ्या असतात."

साडू उठून जिन्याशी गेले आणि वर तोंड करून मराठीतच म्हणाले, "आजी, जेवायला या."

आम्ही कोणी हसलो नाही. फक्त आई बाकावर शेजारी जागा करत थोड्या सरकून बसल्या.